गोमती न्हात नाही

चेन्नई, ९ मे २००३

आवुडै मैनी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या सासरच्या पत्त्यावर पाठवतेय. आत्याच्या हाती पडू देऊ नकोस, आत्या असली तरी आता सासू आहे ती माझी. तिला वाचता येत नसलं तरी तिला पत्राच्या वासावरून कळतं. फोन करणार होते, पण तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीला बसवून सांगण्यासारखं आहे.

जानेवारीत माझ्या छातीतली गाठ काढली, तेव्हा ‘चरबीची होती, गेली’ असं आम्ही गावी कळवलं. ते खोटं होतं. तुझ्या भावानंच तसं सांगायचं ठरवलं आणि मला ते बरं वाटलं. आता एकदाच लिहून टाकते, परत लिहायला सांगू नकोस. ती पुट्रु आहे.

काय गंमत आहे बघ. आपलं अख्खं शंकरनकोविल पुट्रुवर, त्या देवळातल्या वारुळावर जगतं. कुठून कुठून लोक येतात आणि वारुळाची माती कपाळाला लावून जातात. ताप येवो, खरूज होवो, आत्या चिमूटभर माती माझ्या जिभेवर ठेवायची. आणि इथे डॉक्टरीण तिलकवती बाईंनी कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, “पुट्रु आहे अम्मा.” मला क्षणभर वाटलं, ह्यांना आपलं गाव माहीत आहे. ‘तुम्ही पण तिकडच्याच का?’ असं विचारणार होते मी. मग त्यांचा चेहरा पाहिला, आणि कॅन्सरलाही आपण हेच नाव दिलंय ते आठवलं.

काल पहिली सुई घेतली. पोटात देतात, बेंबीच्या खाली. चांगली जाड असते, गोण शिवायच्या दाभणासारखी. तिच्यातून तांदळाच्या कणीएवढी गोळी कातडीखाली सोडतात, ती महिनाभर विरघळत राहते. तिचं काम एकच, बीजकोश झोपवून ठेवायचे. माझ्या गाठीला त्यांचंच पाणी लागतं म्हणे, ते तोडलं की उरलीसुरली उपाशी मरेल. दर चार आठवड्यांनी एक, अशी दोन वर्षं. पाळी बंद होईल.

“मग दोन वर्षांनी?” मी विचारलं.

“तुमच्या वयात बहुतेक जागे होतात,” तिलकवती बाई म्हणाल्या. “पण शब्द देता येत नाही.”

मैनी, मला मरायची भीती वाटते. आणि न मरता रिकामी राहायचीही वाटते. दोन्ही एकदम वाटतात, त्यामुळे कुठलीच नीट सांगता येत नाही. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? आत्याला सांग, गोमतीच्या अंगात रक्त कमी आहे, ताकदीच्या सुया चालू आहेत.

तुझी,
गोमती

•

शंकरनकोविल, १९ मे

गोमती,

तुझं पत्र मागावरच वाचलं. कांड्या भरता भरता सूत तुटलं आणि मालक ओरडला. डोळ्यांत कापसाचा धुरळा गेला म्हणून सांगितलं. आमच्या धंद्यात ही एक सोय बरी आहे, केव्हाही रडता येतं.

वर पिळ्ळैयारची खूण न काढता पत्र लिहितेस होय गं? चेन्नईला जाऊन गणपतीला विसरलीस? मी माझ्या पत्रावर दोनदा काढलीय, एक तुझ्या वाटची.

आता ऐक. नणंद म्हणून मला मैनी म्हणतेस, पण तू माझी भावजय नंतर झालीस, आधी मामाची पोर आहेस. तुझ्या नाकाला लागलेला शेंबूड मी पुसलाय. तेव्हा मला नको सांगूस की कुणाला सांगू. मला सांग, रोज सांग. आणि दोन वर्षं सुई घ्यायची तर घे. मीही घाबरलेय, पण दोघींनी घाबरून चालणार नाही. तू घाबर, मी इथून ओरडत राहीन.

अम्माला रक्ताचं सांगितलं. लगेच शेवग्याच्या पाल्याची भाजी, खजूर, काळे तीळ अशी यादी सुरू झाली. आणि मग तिनं विचारलंच, “न्हातेय ना वेळच्या वेळी?” तुला ठाऊक आहे, आपल्या गल्लीत पाळी कुणी म्हणत नाही. पाळी आली की ‘न्हाली’, आणि दिवस गेले की ‘न्हात नाही’. सात वर्षं तुझ्या न्हाणीवर त्या बाईचा डोळा आहे. मी म्हटलं, “मला काय माहीत, मी तिच्या मोरीत बसते का?”

पुढच्या सुईनंतर लिही.

आवुडै

•

चेन्नई, ४ जुलै

मैनी,

तिसरी सुई काल झाली. पाळी थांबलीय. मध्येच अंगातून भट्टीसारखा जाळ उठतो, इडलीचं पीठ ढवळता ढवळता मी पदर सोडून पंख्याखाली उभी राहते. बोटांची पेरं दुखतात. तुझा भाऊ छापखान्यातून येतो, माझ्याकडे बघतो, आणि जेवण वाढून घ्यायला स्वतः उठतो. तो असा उठला की मला जास्त भीती वाटते.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. घात झालाय.

तुमच्या शेजारची पेच्चियम्माळ आपल्या लेकीकडे आली होती, ती आज मुरुक्कूचा डबा घेऊन इथे टपकली. बसली, पाणी प्यायली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “काय गं, न्हालीस कधी शेवटची?”

मैनी, इस्पितळात सुईच्या आधी नर्स दर वेळी अगदी हाच प्रश्न विचारते, कागदावर लिहून घ्यायला. कालच उत्तर दिलं होतं. तोंडाला सवय झालेली. मी म्हणून गेले, “एप्रिलपासून नाही न्हाले.”

बोलले आणि कळलं काय बोलले. तोवर पेच्चीनं दोन्ही हातांनी माझे गाल धरले होते. “माझ्या सोन्या! आणि लपवून ठेवतेस! तरीच म्हटलं तोंडावर हे तेज कुठलं!” मला तेव्हा नेमका जाळ उठला होता, त्याला ती तेज म्हणत होती. मी तोंड उघडलं. नाही म्हणायचं तर मग काय म्हणायचं? तिला पुट्रु सांगू? मी तोंड मिटलं. ती आज रात्रीच्या बसनं निघतेय.

काहीही कर. ती आत्याच्या दारात पोचायच्या आत तिला गाठ.

गोमती

•

शंकरनकोविल, ९ जुलै

गोमती,

तुझं पत्र यायला चार दिवस लागले. पेच्चीला एक रात्र पुरली.

ती घरीसुद्धा गेली नाही. बसमधून उतरली ती पिशवीसकट अम्माच्या ओट्यावर. मी पोचले तेव्हा अम्मा गल्लीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर खडीसाखर ठेवत होती. कचरेवाल्याला दिली, टपालवाल्याला दिली, ज्या सुब्बुलक्ष्मीशी चार वर्षं बोलत नाही तिलाही घरात जाऊन दिली. “माझी सून न्हात नाही,” एवढंच म्हणत होती, गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात. अगं, तिची पाठ सरळ झालीय. गुडघ्याचं नाव नाही.

मी तिला बाजूला घेतलं. खरंच घेतलं. म्हटलं, “अम्मा, पेच्चीनं चुकीचं ऐकलं असेल.” तर मला म्हणाली, “तुला दोन झाली म्हणून तिला होऊ नये असं वाटतं का तुला?” मी गप्प बसले. हे मी चांगलं केलं नाही, पण तू तिचं तोंड पाहिलं असतंस तर तूही बसली असतीस.

आता पुढचं ऐक, हे महत्त्वाचं आहे. तिनं फोनवर तुझ्या नवऱ्याला बजावलंय, “त्या ताकदीच्या सुया बंद कर. पोटातल्याला बाधतील.” आणि आमचे बंधुराज काय म्हणाले? “हं अम्मा.” त्या माणसाला जन्मात दुसरा शब्द आला नाही. सातव्या महिन्यात तुला बांगड्या भरायच्या म्हणून बांगडीवाल्याला आत्ताच सांगून झालंय, लाल आणि हिरव्या. आडी महिना लागला की ती देवळात रोजच्या फेऱ्या घालणार आहे.

तू मात्र सुई चुकवायची नाहीस. अम्माचं मी बघते. कसं ते मला अजून माहीत नाही.

आवुडै

•

चेन्नई, १ ऑगस्ट

मैनी,

मला रागावू नकोस. किंवा रागाव.

काल चौथ्या सुईचा दिवस होता. मी गेले नाही. म्हणजे गेले, इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेले. तिथे एक फुलवाली बसते, तिच्याकडून गजरा घेतला आणि परत आले.

तुला कसं सांगू? गेला महिनाभर आत्या एक दिवसाआड फोन करते. खालच्या घरमालकांकडे येतो फोन. “कैरी खावीशी वाटते का? पपईला शिवू नकोस. उजव्या कुशीवर नको झोपू.” मी ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणते. परवा तिनं विचारलं, “उलट्या होतात का?” मी म्हटलं, “सकाळी होतात.” मैनी, होत नाहीत मला उलट्या! मी हे का बोलले? आणि बोलल्यावर मला बरं का वाटलं? फोन ठेवून वर आले आणि आरशापुढे पदर पोटावर सैल करून उभी राहिले.

मग मी नर्सला विचारलं, सुई बंद केली तर ते किती दिवसांत जागे होतात. म्हणाली, काहींचे काही महिन्यांत. तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे. आत्ता थांबवावं, एक मूल होऊ द्यावं, मग परत घ्याव्यात सुया. तिलकवती बाईंना विचारलं होतं मी. त्या म्हणाल्या, “आत्ताच जागं केलंत तर फक्त त्यांनाच जागं करता येणार नाही. दुसरीही जागी होऊ शकते.” दुसरी म्हणजे ती. हे ऐकून मी घरी आले, आणि तरीही आरशापुढे उभी राहिले.

तुझ्या भावाला विचारलं. तो म्हणाला, “तुला वाटेल ते कर.” मग न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत बसला.

सुई घेतली तर सात वर्षांनी आत्याच्या तोंडावर आलेलं ते हसू मी मारलं असं होईल. नाही घेतली तर मी मरेन कदाचित. मला दोन्हीकडून भीती वाटते.

गोमती

•

शंकरनकोविल, ५ ऑगस्ट

मूर्ख पोरी,

पत्र मिळालं. ऊठ आणि इस्पितळात जा. हे वाचून संपायच्या आत चप्पल घाल.

फोन केला तर घरमालकीण म्हणते तू झोपलीयस. दुपारी केला तरी झोपलीयस, संध्याकाळी केला तरी झोपलीयस. माझ्यापासून लपतेस?

मामा गेला तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि माझ्या कुशीत झोपायचीस. मला तुझं मूल नको, तुझ्या आत्याचा नातू नको, मला तू हवीयस. आणखी काय लिहू? मलाही भीती वाटतेय गोमती, आता ओरडताही येत नाहीये.

जाऊन आलीस की एकच शब्द कळव.

आवुडै

•

शंकरनकोविल, १३ ऑगस्ट

गोमती,

तुझा तो एक शब्द आला नाही. म्हणून मी अम्माला सांगितलं.

परवा देवीच्या तपाचा दिवस होता. तुला माहीतच आहे, आडीभर आपल्या बायका देवळात फेऱ्या घालतात. गोमती अम्मन एका पायावर उभी राहून तप करते, आपण चाललो की तिच्या पायाचा ठणका आपल्यात येतो. अम्मा सकाळपासून चालत होती, गुडघ्याला फडकं बांधून, गर्दीत धक्के खात. मी तिच्या बाजूनं चालू लागले. म्हटलं, थांबली की सांगावं. ती थांबेचना. मग चालता चालताच सांगितलं. सगळं. गाठ, सुई, फाटक, गजरा.

ती थांबली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त माझा दंड धरला, अजून वळ आहेत बघ. तशाच उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. मग खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, “कागद आण.”

पुढचं तिचं आहे. ती बोलतेय, मी लिहितेय.

गोमती, मी बोलतेय, तुझी आत्या. ही मधलं काही गाळेल तर हिचा हात मोडीन असं सांगितलंय.

नातू मला हवा होता. खोटं कशाला बोलू? देवीपुढे सात वर्षं दुसरं काही मागितलं नाही. आत्ताही हवाय. पण माझ्या भावानं जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता. “अक्का, हिला सांभाळ,” एवढंच म्हणाला होता. तुझ्या पोटातून काय निघेल ते सांभाळ, असं काही तो म्हणाला नाही.

आणि त्या नावाला भिता होय गं तुम्ही शिकलेली माणसं? पुट्रु, पुट्रु, पुट्रु. देवळात बसून म्हटलं बघ, छप्पर पडलं नाही. जन्मभर मी त्या वारुळाशी राहिलेय. वारुळात नाग असतो. त्याला कुणी खणायला जातं का? आपण दूध ठेवतो, हात जोडतो, आणि झोपू देतो. तुझी ती डॉक्टरीण झोपवतेय ना? मग झोपव म्हणावं. दोन वर्षं झोपव, चार वर्षं झोपव. त्याच्याशेजारी माझा नातू झोपलाय, तर तोही झोपू दे. त्याच्यासाठी नागाला उठवायचं नाही. सुई बंद कर म्हणणारी मीच होते ना? आता मीच सांगतेय, घे.

(इथे तिनं गुडघ्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. — आवुडै)

मला भीती वाटतेय गोमती. पहिल्या सगळ्या फेऱ्या मी पोटातल्यासाठी घातल्या. उरलेल्या तुझ्या नावानं घातल्या. कमी पडल्या असतील तर देवीनं सांभाळून घ्यावं.

मी शुक्रवारच्या बसनं निघतेय. बांगड्या घेऊन येतेय, सांगून ठेवलेल्या काचेच्या बांगड्या तो मेला परत घेत नाही. सोमवारी सकाळी आपण दोघी इस्पितळात जाऊ. शंकरला म्हणावं, मी आल्यावर ‘हं अम्मा’ पुरे, आता तोंड उघड.

पोटात काही नाही म्हटल्यावर पेच्चीनं इथेच विचारलं, “मग न्हात का नाही?” मी म्हटलं, “ती गोमती आत एका पायावर उभी आहे, तिला विचारून ये की बाई, तू न्हालीस कधी? माझी सून तपाला बसलीय.” पेच्ची गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

संपलं. खाली माझा अंगठा उमटवते.

•

चेन्नई, १९ ऑगस्ट

मैनी,

वर पिळ्ळैयारची खूण काढलीय, बघ.

आत्या आली. मी दार उघडलं. तिनं पिशवी खाली ठेवली, माझ्या छातीवर, जिथे टाके आहेत तिथे, पदरावरूनच तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “चहा कर, साखर कमी.” तुझा भाऊ आतून आला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडला. सात महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं शेजारी जमतील.

काल इस्पितळात गेलो. तिलकवती बाईंनी मला चांगलं झापलं. इतके दिवस चुकवल्यानं काय झालं असेल ते आत्ता सांगता येत नाही, रक्त तपासायला दिलंय, निकाल पुढच्या आठवड्यात. रात्री झोप लागत नाही. लागणारही नाही, निकाल येईपर्यंत. हे मी तुला लपवत नाही, कारण लपवायचा मला आता कंटाळा आलाय.

सुईच्या रांगेत बाकावर बसलो होतो. आत्यानं तिथेच पिशवी सोडली आणि माझ्या दोन्ही हातांत लाल-हिरव्या बांगड्या भरल्या, कोपरापर्यंत. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. एकीच्या डोक्यावर केस नव्हते, तिनं हात पुढे केला. आत्यानं तिलाही दोन भरल्या. मग आणखी एकीनं केला. बांगड्या अर्ध्यावर आल्या.

आत गेलो. नर्सनं कागद पुढे ओढला आणि वर न बघता नेहमीचा प्रश्न विचारला, “शेवटची न्हालीस कधी?”

माझ्याऐवजी आत्या बोलली. मैनी, खडीसाखर वाटताना तिचा जो आवाज होता म्हणून तू लिहिलं होतंस, तो मी तेव्हा ऐकला नव्हता. काल ऐकला. बाहेर बाकावरच्या बायकांपर्यंत पोचेल असा.

“नाही न्हाली,” ती म्हणाली. “लिही बाई. माझी सून न्हात नाही.”

गोमती